भिडेखातर दिलेला होकार: आपल्याच माणसांशी सरळ बोलायला कसं शिकायचं

मावसभावाचा फोन येतो. "दादा, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय. फक्त दोन जामीनदार लागतात. एक माझा मित्र, दुसरा तू. नावापुरती सही आहे रे." तुमच्या पोटात गोळा येतो, पण तोंडातून निघतं, "बघू, कळवतो." त्याच्या लेखी हा होकार झाला. चार दिवसांनी तो फॉर्म घेऊन दारात उभा राहतो, सोबत पेढ्यांचा पुडा. आता नाही म्हणणं पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं, म्हणून सही होते.

ती सही नावापुरती नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर संस्थेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे प्रयत्न संपवायचे आणि मग तुमच्याकडे यायचं, असं बंधन तिच्यावर नाही. सहकारी पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघू शकतो, आणि त्यात कर्जदारासोबत जामीनदारांचीही नावं येऊ शकतात. उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात हे विचारते आणि सिबिलमध्येही पाहते. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

हा लेख अशा माणसांसाठी आहे जी एरवी बोलतात. कचेरीत मुद्दा मांडतात, बँकेत चूक झाली तर मॅनेजरला जाब विचारतात. पण समोर मामा, दीर, थोरली बहीण किंवा जुना मित्र आला की त्यांचा आवाज घशातच अडकतो. माझं म्हणणं असं की यातलं जवळजवळ सगळं काम पहिल्याच बोलण्यात व्हायला हवं, एका पूर्ण वाक्यात, "मी" या शब्दापासून सुरू होणाऱ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते एक वाक्य वेळेवर निघावं यासाठी आहेत.

हा स्वभाव नाही, सराव आहे

"माझा स्वभावच भिडस्त" असं म्हणून माणसं स्वतःला सूट देतात. मानसोपचाराचा इतिहास काही वेगळं सांगतो. न्यूयॉर्कमधल्या अँड्र्यू सॉल्टर यांनी १९४९ मध्ये मनातल्या भावना दाबून ठेवणाऱ्या माणसांना त्या मोकळेपणाने बोलून दाखवण्याचा सराव देण्याविषयी लिहिलं. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याला अधिक शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्यांचं सूत्र असं होतं की ठामपणे बोलण्याची क्रिया आणि भीती या दोन गोष्टी एकाच वेळी टिकत नाहीत, त्यामुळे बोलणं वाढलं की भीती मागे सरते. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स यांनी १९७० मध्ये हा विषय रुग्णांपुरता न ठेवता सामान्य वाचकांपर्यंत आणला.

आपल्याकडे हा धागा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांमार्फत आला. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली आणि रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातही ती दिसते. ही सगळी मंडळी एकाच गोष्टीवर भर देतात: नुसतं समजून भागत नाही, तोंडाने बोलून पाहावं लागतं.

आठवडाभर नुसतं टिपून ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये टिपण उघडा. मनाविरुद्ध होकार दिला, गप्प बसलात किंवा टोमणा मारून मोकळे झालात, की चार गोष्टी लिहा: समोर कोण होतं, काय मागितलं, मी काय म्हटलं, मला काय म्हणायचं होतं.

चौथा रकाना भरणं सगळ्यात अवघड जातं. अनेकांना तिथे लिहायला काही सुचतच नाही, कारण आपल्याला काय हवंय हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. तो रकाना रिकामा राहत असेल तर घाई करू नका. सरळ बोलण्याआधी सरळ विचार व्हावा लागतो.

आठवड्याच्या शेवटी वही वाचली की ठरावीक जागा दिसू लागतात. कुणाचं पैशाच्या विषयात तोंड बंद होतं, कुणाचं फक्त वयाने मोठ्या पुरुषांसमोर. एखादी बाई सासरच्या सगळ्यांशी व्यवस्थित बोलते आणि स्वतःच्या आईसमोर मात्र सहावीतल्या मुलीसारखी होते. तुमची जागा ओळखा. सगळीकडे एकदम बदल करायला जाणाऱ्यांचा उत्साह पंधरा दिवसांत मावळतो.

मनातला हट्ट ओळखा

नकाराआधी जी धडधड होते, तिच्यामागे बहुतेक वेळा एक न बोललेली मागणी असते: माझ्याबद्दल कुणीही, कधीही वाईट बोलता कामा नये. एलिस यांचा सगळा भर अशा मागण्या उकरून काढण्यावर होता. लोकांनी चांगलं म्हणावं ही इच्छा रास्त आहे. ती अट झाली की माणूस अडकतो.

एलिस यांनी स्वतःवर केलेला प्रयोग त्यांनीच पुढे अनेकदा सांगितला. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना अनोळखी मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटायची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन त्यांनी महिनाभरात शंभर जणींशी बोलायचं ठरवलं आणि बोलले. त्या सगळ्यातून फक्त एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण कुणी आरडाओरडा केला नाही, पोलीस बोलावले नाहीत. नकार येऊनही आपण जागच्या जागी उभे असतो, हे त्यांच्या अंगात भिनलं. भीती गेली ती या अनुभवाने.

तुमच्या धडधडीला एक प्रश्न विचारा: मावसभाऊ नाराज झाला तर नक्की काय होईल? उत्तर कागदावर लिहा. "दोन महिने बोलणार नाही. मावशी आईला फोन करेल. आई मला चार शब्द सुनावेल." एवढंच. हे त्रासाचं आहे, पण सोसता येण्यासारखं आहे. शेजारीच दुसरी यादी करा, सही केली आणि हप्ते थकले तर काय होईल याची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मन बरंच स्थिर होतं.

जिथे फार काही पणाला लागलेलं नाही तिथून सुरुवात

वहीतल्या सगळ्यात कठीण माणसाला शेवटी हात घाला. आधी सोपे प्रसंग: भाजीवालीने तळातला नरम टोमॅटो टाकला तर "मावशी, हा बदलून द्या" एवढं म्हणणं. एसटीत कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे उतरायच्या आधी मागणं. सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचून झाल्यावर "मागच्या सभेत मी मांडलेला मुद्दा यात नाही, तो घ्यावा" असं म्हणणं.

लग्नाच्या पंगतीत तर याची उत्तम शाळा भरते. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचाच भाग आहे, म्हणून तिथे नाही म्हणताना चिडायचं काही कारण नसतं आणि खोटं बोलायचंही नसतं. "डॉक्टरांनी सांगितलंय" असलं कारण पुढे करू नका. वाढणाऱ्या काकूंकडे बघा, हसा आणि म्हणा, "काकू, जिलबी सुरेख झालीय. मला आता नको." त्या पुन्हा म्हणतील, "अगं, एकच!" तुम्ही पुन्हा तेवढंच: "नको काकू, पोट भरलं." बहुधा तिसऱ्यांदा त्या पुढच्या पानाकडे वळतात. कुणाचं मन मोडत नाही. प्रेम आणि नकार एका वाक्यात राहू शकतात हे शरीराला इथे कळतं, आणि तेच पुढच्या मोठ्या प्रसंगात कामाला येतं.

वाक्य घडवणं

आता मुख्य काम. भिडस्त माणसाचं वाक्य बहुधा कर्त्याशिवाय असतं: "जमेलसं वाटत नाही", "अवघड दिसतंय जरा", "घरी विचारावं लागेल". त्यात निर्णय कुणाचा आहे ते कळत नाही, त्यामुळे समोरचा माणूस निर्णय फिरवण्याच्या कामाला लागतो. यात त्याची काही चूक नाही, तुम्ही दार उघडं ठेवलेलं आहे.

वाक्यात कर्ता आणा आणि क्रियापद पूर्ण करा: "मी जामीन राहणार नाही." यात "सॉरी" नाही, "प्लीज समजून घे" नाही. आपुलकीचे शब्द याच्या आधी किंवा नंतर हवे तेवढे बोला, या वाक्यात मात्र काही मिसळू नका.

कारण द्यायचं की नाही? माझं मत असं की जवळच्या माणसाला कारण द्यावं, पण एकच आणि खरंच. खोट्या कारणाची अडचण नीतीपेक्षाही व्यवहाराची आहे: ते सुटू शकतं. "माझं पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत आहे" म्हणालात तर तो विचारून येईल की चालतं. "बायकोला विचारतो" म्हणालात तर तो वहिनीला फोन करेल, आणि तुम्ही तिला विनाकारण वाईट ठरवलेलं असेल. खरं कारण सुटत नाही, कारण ते तुमच्या निर्णयातच असतं: "मी कुणालाच जामीन राहत नाही, असं ठरवलंय." अर्थात हे खरं असेल तरच म्हणा. मागच्याच वर्षी मेव्हण्याला जामीन राहिला असाल तर कारण असं असेल: "एका कर्जाला मी आधीच जामीन आहे. दुसऱ्याची जोखीम मी घेणार नाही."

पूर्ण संभाषण साधारण असं जाईल:

"दादा, नावापुरती सही आहे रे."

"तुझं कर्ज मंजूर झालं हे फार बरं झालं. पण मी जामीन राहणार नाही. कर्ज थकलं तर ते फेडायची माझी ऐपत नाही, आणि ऐपत नसताना सही करणं मला पटत नाही."

"म्हणजे मी बुडवणार असं वाटतं तुला?"

"नाही. तुझ्यावर विश्वास आहे. मी जामीन राहणार नाही."

"लहानपणापासून एकत्र वाढलो आपण. तुझ्या लग्नात मी रात्ररात्र राबलो."

"राबलास, आणि ते मी विसरलेलो नाही. जामीन मात्र मी राहणार नाही. कागदपत्रं लावायला मदत हवी असेल तर रविवारी ये, बसू दोघं."

लक्ष द्या, दादाने एकाही मुद्द्यावर वाद घातला नाही. खरं होतं ते मान्य केलं आणि निर्णयाचं वाक्य जवळजवळ तेच ठेवलं. मॅन्युअल स्मिथ यांनी १९७५ मध्ये या युक्तीला एकाच ओळीवर अडकलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीचं नाव दिलं होतं. दर वेळी नवं कारण दिलं की समोरच्याला खोडायला नवं काहीतरी मिळतं. तेच वाक्य पुन्हा म्हटलं की बोलणं आपोआप संपतं. शेवटी पुढे केलेली मदत खरी हवी. रविवारी तो आला तर बसावं लागेल, म्हणून जमणार असेल तरच बोला.

हे वाक्य मनात ठेवू नका, मोठ्याने म्हणा. आरशासमोर म्हणण्यापेक्षा एखाद्या विश्वासू माणसाला मावसभाऊ व्हायला सांगा आणि त्याला भरपूर आग्रह करू द्या. पहिल्या काही वेळा आवाज एकतर बारीक होतो नाहीतर विनाकारण चढतो. नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत वाक्य निघेपर्यंत सराव चालू ठेवा. आणि वाक्य संपलं की थांबा. नकारानंतरची शांतता असह्य होऊन आपण जे बोलतो, त्यातच बहुतेक नकार वाहून जातात.

मोठ्यांशी बोलताना

"आपल्या संस्कृतीत असं तोंडावर बोलत नाहीत" हा आक्षेप मला मान्य नाही. अदब आणि सरळपणा यांचं वैर नाही. मामांचा फोन आला, "अरे, घरातलंच पोरगं ना ते? सही करून टाक," तर संबोधन, आदर, आवाजातला मवाळपणा यातलं काही सोडायची गरज नाही. "मामा, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. यात मात्र मी ऐकणार नाही. मी जामीन राहणार नाही, हे त्यालाही सांगितलंय." प्रस्तावना हवी तेवढी लांब करा, निर्णय आखूडच ठेवा. मोठ्यांचा अपमान नकाराने होतो त्यापेक्षा जास्त होकार देऊन ऐन वेळी फोन न उचलल्याने होतो.

साहेबांशी बोलताना हेच सूत्र, फक्त निर्णयाच्या जागी निवड ठेवता येते: "सर, आज दोन्ही कामं पूर्ण होणार नाहीत. आधी ताळेबंद करू की निविदेचं काम?" इथे तुम्ही कामाला नाही म्हणत नाही, वेळेचं वास्तव सांगता आणि क्रम त्यांना ठरवू देता.

हक्कसोडपत्र: सगळ्यात कठीण बोलणं

महाराष्ट्रात अनेक बायकांना आयुष्यात एकदा तरी जो प्रसंग येतो, त्यावर थोडं सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. बहीण राखीला किंवा भाऊबीजेला माहेरी येते. जेवणं झाल्यावर भाऊ म्हणतो, "ताई, उद्या तालुक्याला जाऊन सही करून टाकू. सातबारावरचं नाव कमी करायचंय. सगळ्याच बहिणी करतात."

आधी कायदा. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्येच अशी दुरुस्ती केली होती, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून सुटल्या होत्या. २००५ च्या कायद्यात ती अट नाही. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला: गरज नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र, २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या कागदांपुरता वकिलाचा सल्ला घ्यावा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं. एकदा नोंदलेलं पत्र नंतर "मला समजलं नव्हतं" म्हणून रद्द करून घेणं फार अवघड असतं.

म्हणून पहिलं वाक्य वाट्याबद्दल नसावं, वेळेबद्दल असावं: "दादा, मी उद्या सही करणार नाही. कागद मला दे, मी घरी नेऊन वाचते आणि महिन्याभरात काय ते सांगते." इथे "सांगते" म्हणताना मुदत दिली आहे. मुदतीशिवायचं "सांगते" म्हणजे पुन्हा "बघू"च.

मग स्वतःशी ठरवा. हक्क सोडायचा असेल तर तोही तुमचा अधिकार आहे. भावाने आईवडिलांचं सगळं केलं, शेत त्यानेच राखलं, म्हणून मनापासून द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण ते तुम्ही ठरवून दिलेलं असावं, भाऊबीजेच्या ताटाशेजारी उरकलेलं नको. घ्यायचं ठरलं तर भीती एकाच गोष्टीची असते: माहेर तुटेल. ती भीती लपवू नका, बोलून दाखवा. "दादा, मला माहेर हवंय. तू, वहिनी, मुलं, सगळे हवेत. आणि मला माझा वाटाही हवाय. यातलं एक घे असं मला सांगू नकोस." खरी भावना आणि स्पष्ट मागणी शेजारी ठेवली की समोरच्याला लोभाचा आरोप करणं जड जातं. भाऊ तरीही चिडू शकतो. काही घरांत वर्ष-दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे मी नाकारत नाही. निर्णय घेताना तेही हिशेबात धरा.

मागणंही सरळ हवं

नकार हा या कौशल्याचा अर्धाच भाग. "तुम्हाला कळायला नको का?" म्हणून अबोला धरणं, भांडी आपटणं, "काही नाही, सहजच" म्हणणं ही मागणीच असते, फक्त समोरच्याला वाचता येत नाही अशा भाषेत. अमेरिकेतले थॉमस गॉर्डन पालकांना शिकवायचे की बोलण्याची सुरुवात समोरच्याच्या दोषापासून न करता स्वतःला काय होतंय यापासून करा. "तुम्ही कधीच मदत करत नाही" यावर फक्त भांडण होतं. "कामावरून आल्यावर एकटीने स्वयंपाक करताना मी दमून जाते. सोमवार ते शुक्रवार भाजी तुम्ही चिरून द्या" यावर उत्तर द्यावं लागतं. मागणी दिसेल, मोजता येईल अशी ठेवा. आणि ती मागणी आहे, हुकूम नाही, हे लक्षात ठेवा. समोरच्याने नाही म्हटलं तर तोही सरळच बोलला आहे. त्याचा नकार शांतपणे ऐकता आला तरच तुमचा नकार त्याला ऐकायला सांगण्याला वजन येतं.

नकारानंतरचे पंधरा दिवस

बहुतेक माणसं इथे घसरतात. अपराधीपणा येतो आणि त्याची भरपाई सुरू होते: जामीन राहिलो नाही म्हणून हातउसने पन्नास हजार द्यायचे, सही केली नाही म्हणून भाच्याच्या लग्नाचा खर्च अंगावर घ्यायचा. असं काही द्यावंसं वाटलं तर महिनाभर थांबा आणि मग ठरवा.

नातं मात्र चालू ठेवा. दुसऱ्याच कुठल्या विषयावर फोन करा, मावशीच्या गुडघ्याची चौकशी करा, वास्तुशांतीला बोलावलं तर जा. तिसऱ्या माणसाजवळ स्वतःची बाजू मांडत बसू नका. नात्यागोत्यात तुमचं बोलणं फिरत फिरत त्याच्यापर्यंत वेगळ्याच रूपात पोहोचतं.

जिथे एकट्याने सरळ बोलणं धोक्याचं आहे

समोरचा माणूस मारतो, धमकावतो, पैसे-कागदपत्रं अडवून ठेवतो, तिथे वरची वाक्यं वापरू नका. तिथे स्पष्ट बोलण्याने धोका वाढू शकतो. आधी सुरक्षित जागा, सोबतीला माणूस आणि कायद्याचा आधार. घरगुती हिंसाचारासाठी २००५ चा कायदा आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी लागते आणि साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, म्हणून संदेश, तारखा, साक्षीदार पहिल्या दिवसापासून टिपून ठेवा. आणि बोलायचं म्हटलं की छातीत धडधडत असेल, झोप उडत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं.